काहिलीचा चट्टा

तात्यांच्या उजव्या नडगीवर, घोट्यापासून वर वीतभर, एक चट्टा होता. धड काळा नाही, धड गुलाबी नाही. त्यावर केस उगवत नसत, घाम येत नसे, आणि थंडी पडली की तिथलं कातडं आटलेल्या तळ्यातल्या चिखलासारखं तडकायचं. मग तात्या सोप्यात पाय पसरून त्यावर खोबरेल जिरवत बसायचे. कुणी विचारलं तर म्हणायचे, "गुऱ्हाळाचं सर्टिफिकेट हाय ते. असं फुकट मिळत न्हाई."

अंतुले मुख्यमंत्री होते त्या काळातल्या एका हंगामात हे सर्टिफिकेट मिळालं. आमच्या कोल्हापूरकडच्या भोगावती नदीच्या काठाला तेव्हा चार शेतं ओलांडली की एक गुऱ्हाळ लागायचं. तात्या गुळव्याच्या, म्हणजे गूळ उतरवणाऱ्या कारागिराच्या, हाताखाली होते. रसावर आलेली मळी काढायची, भेंडीचं पाणी सोडायचं, चुलवाणात चिपाडं सारणाऱ्याला जाळ वाढव, जाळ मार असं ओरडून सांगायचं, आणि पाक झाला की सगळ्यांनी मिळून काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, ओढून वाफ्यात ओतायची. गुळव्या पाकाचा थेंब पाण्यात सोडतो, बोटांत त्याची गोळी वळून बघतो आणि 'उतरा' म्हणतो, तेव्हा पाक ११५ अंशांच्या आसपास पोचलेला असतो. उकळतं पाणी अंगावर पडलं तर निथळून जातं. पाक निथळत नाही, कातडीला धरून बसतो, आणि ओढून काढावा तर कातडीसकट येतो. त्या रात्री तिसऱ्या आदणाला, म्हणजे रसाच्या तिसऱ्या काहिलीला, ओल्या चिपाडावर कुणाचा तरी पाय घसरला, काहील हेंदकाळली आणि काठावरून उसळलेला पाक तात्यांच्या नडगीवर आला.

पुढं काय झालं ते मी आज्जीकडून ऐकलंय. कुणी हळद भरली, कुणी निळी शाई ओतली, कुणी तूप लावलं. गार पाण्याच्या धारेखाली पाय वीस मिनिटं धरला असता तर निम्मं काम झालं असतं, पण ते कुणाला सुचलं नाही. मांडीची कातडी काढून अशा जागी लावता येते हे तर घरात कुणाच्या कानावरही नव्हतं. हंगाम सरला, उन्हाळा आला, जखम आपली आपण भरली. भरली म्हणजे संपली, असं सगळ्यांनी धरलं, आणि छत्तीस वर्षं ते खरंही होतं.

मग एका दिवाळीत चट्ट्याच्या मधोमध एक फोड आला. फुटला, सुकला, परत फुटला. तात्यांनी झेंडूचा पाला ठेचून बांधला. काकूनं हळद आणि तूप. गावातल्या डॉक्टरांनी मलम दिलं. मी गावी गेलो तेव्हा जखम दाखवली त्यांनी मला. मी हायस्कुलात विज्ञान शिकवतो, त्यामुळं घरात माझ्या शब्दाला उगीचच वजन आहे. मी म्हणालो, "साखर तपासून घ्या." साखर तपासली, ती शंभरच्या आत निघाली, आणि माझं कर्तव्य संपलं. जखमेचे काठ तेव्हाच जरा उचललेले होते. मी ते पाहिले होते. आता आठवतात.

संक्रांतीपर्यंत काठ फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे वर आले. फडकं सोडलं की खोलीत वास यायचा, आणि काकू कुणी पाहुणं दारात दिसलं की आधी उदबत्ती लावायची, मग 'या' म्हणायची. शहरातल्या एका दवाखान्यात महिनोन्महिने ड्रेसिंग होत राहिलं. रोज साफ, रोज पट्टी, रोज बिल. शेवटी दुसऱ्या एका सर्जनकडं गेलो. त्यांनी जखमेकडं बघायच्या आधी तिच्या भोवतालच्या कातडीकडं बघितलं आणि विचारलं, "ही जागा पूर्वी कधी भाजली होती का?" सात महिन्यांत हा प्रश्न कुणी पहिल्यांदाच विचारत होतं.

तुकडा काढून तपासायचा म्हटल्यावर घरात बैठक बसली. कॅन्सर हा शब्द कुणी उच्चारला नव्हता, पण थोरल्या आत्तीनं तो न उच्चारताच बजावलं, "सुरी लावू नका. सुरी लागली की पेटतंय त्ये." ही समजूत आमच्याकडं घराघरात आहे आणि ती कुठून आली हेही मला कळतं. माणूस दवाखान्यात पोचतो तोवर रोग आधीच पसरलेला असतो. ऑपरेशन होतं, चार-सहा महिन्यांत माणूस जातो, आणि दोष सुरीच्या माथी बसतो. मी आत्तीशी वाद घातला नाही. सर्जनना गाठलं, त्यांनाच घरच्यांसमोर बोलायला लावलं. तुकडा काढल्यानं कॅन्सर पेटत नाही, तो काय आहे ते कळतं, आणि ते कळल्याशिवाय किती कापायचं ते ठरवता येत नाही, एवढंच ते शांतपणे बोलले.

रिपोर्ट आला तेव्हा तात्या रागावले होते, घाबरलेले नव्हते. "तंबाखू न्हाई, मावा न्हाई, बिडी न्हाई. मला कॅन्सर कसा काय हुईल?" त्यांचं चुकलं नव्हतं. आमच्या भागात कॅन्सर म्हणजे तोंडाचा, आणि तोंडाचा म्हणजे तंबाखूचा. शाळेच्या भिंतीवर, एसटीत, बाजारात जिथं तिथं तेच लिहिलंय, आणि लिहिलंय ते खरंच आहे. निपाणीची तंबाखू हाकेच्या अंतरावर आणि माव्याची पुडी प्रत्येक खिशात. पण त्यामुळं असं झालं की ज्याच्या खिशात पुडी नाही, तो स्वतःला मोकळा समजतो.

तात्यांना जे झालं त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. ज्यां-निकोला मार्जोलिन या फ्रेंच सर्जननं १८२८ साली जुन्या व्रणांवर चिघळणाऱ्या अशा जखमांचं वर्णन करून ठेवलं, म्हणून त्याचं नाव. भाजल्याचा चट्टा, वर्षानुवर्षं न भरलेली जखम, हाडातून पू वाहणारी जागा, कुष्ठरोगातून बरं झालेल्या माणसाच्या बधिर तळव्यावरचं क्षत, अशा कातडीवर हा बसतो. चट्ट्याची कातडी पातळ असते, तिला रक्त कमी मिळतं, ती सारखी फुटते आणि सारखी भरत राहते, आणि या फुटण्या-भरण्यात कधीतरी पेशींचं गणित चुकतं. भाजल्यापासून कॅन्सरपर्यंत सरासरी तीसेक वर्षं जातात. म्हणजे माणूस विशीत भाजतो आणि पन्नाशी-साठीत त्याची किंमत मोजतो. तोवर दोन्ही गोष्टींची सांगड घालणारं आठवणीत कुणी उरलेलं नसतं. आणि उन्हानं होणाऱ्या याच जातीच्या कॅन्सरपेक्षा चट्ट्यावरचा हा जास्त चपळ असतो, जांघेतल्या-काखेतल्या लसिकागाठींमध्ये लवकर उतरतो.

तात्यांच्या जांघेतल्या गाठी साफ निघाल्या. पायही राहिला. मांडीची कातडी काढून नडगीवर लावली, जी छत्तीस वर्षांपूर्वी लावायला हवी होती. आता चालताना जरा ओढतात पाय, पण चालतात.

मला लाज वाटली, आणि लाज वाटलेला मास्तर जे करतो तेच मी केलं. कार्यक्रम ठेवला. २८ फेब्रुवारीला विज्ञान दिन असतोच, त्यात त्वचेच्या कॅन्सरवर पोस्टर करायचं ठरवलं. चित्रं इंटरनेटवरून उतरवली. एका गोऱ्या माणसाची पाठ, त्यावर वेडावाकडा तीळ. समुद्रकिनारा. रुंद काठाची हॅट. सनस्क्रीनची बाटली. आमचे शिपाई मामा पोस्टर भिंतीला लावत होते. थोडं मागं सरकून त्यांनी ते नीट पाहिलं आणि म्हणाले, "सर, ह्यो गोऱ्यांचा रोग दिसतोय. आपल्याला काय न्हाई ह्याचं." मामांच्या कोपरापासून मनगटापर्यंत भाजल्याचा डाग आहे. ऐन जवानीत ते शिरोलीच्या एका फाउंड्रीत भट्टीवर होते. त्या हातानंच त्यांनी पोस्टरची चौथी टाचणी टोचली.

ऑस्ट्रेलियानं १९८१ साली एक मोहीम काढली होती. शर्ट चढवा, क्रीम थापा, टोपी घाला, आणि हे सगळं एक नाचणारा समुद्रपक्षी टीव्हीवर गाऊन सांगायचा. त्या देशात दर तिघांपैकी दोघांना आयुष्यात कधी ना कधी त्वचेचा कॅन्सर होतो, त्यांनी ते गायलाच हवं. आपल्या कातडीत मेलॅनिन, म्हणजे कातडीला रंग देणारं द्रव्य, जास्त. उन्हाचे अतिनील किरण पेशीच्या गाभ्यापर्यंत पोचायच्या आत ते बरेचसे अडवतं. म्हणून आपल्याकडं हा कॅन्सर विरळा, सगळ्या कॅन्सरांत शेकडा एक-दोनच्या घरातला. पण विरळा म्हणजे नाही असं नव्हे. आणि जेव्हा होतो तेव्हा तो बरेचदा पोस्टरवरच्या जागी नसतोच. चट्ट्यावर असतो, तळव्याला असतो, नखाखाली असतो, कंबरेला असतो. आपण उन्हाचा इशारा उसना आणला आणि बघायची जागाच चुकवली.

उन्हाचं मी मोडीत काढत नाही. एप्रिल-मे महिन्यात भर दुपारी आपल्याकडचं अतिनील प्रमाण मोजणीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर असतं. गोरेपण कमी म्हणून चेहऱ्यावरची न भरणारी पुटकुळी दुर्लक्षावी असं नाही. पण शेतातल्या बायकांना टोपी घाला म्हणून सांगायला जाणारा मी कोण? भांगलणीला जाणारी बाई साडीवरून मालकाचा जुना फुल बाह्यांचा शर्ट घालते, बटणं गळ्यापर्यंत लावते, डोक्याला टॉवेल गुंडाळते. ऑस्ट्रेलियाच्या पक्ष्यानं बघितलं तर टाळ्या वाजवेल. एक साधी खूण मात्र पोरांना सांगतो: आपली सावली आपल्यापेक्षा बुटकी झाली की ऊन कडक, ती लांब होईपर्यंत झाडाखाली.

ज्यांना ऊन खरंच घातक आहे, त्यांचं आपण काय करतो ते मला पक्कं ठाऊक आहे, कारण मीही ते केलंय. बारा-तेरा वर्षांपूर्वी वर्गात एक मुलगी होती. केस पांढरे, पापण्या पांढऱ्या, डोळे किलकिले. रंगहीनता घेऊन जन्मलेली. तिच्या कातडीत मेलॅनिन नावालाच, म्हणजे ज्या ढालीच्या जिवावर आपण बेफिकीर फिरतो ती तिच्याकडं नाही. १५ ऑगस्टच्या कवायतीसाठी आम्ही तिला आठवडाभर मैदानात उभी केली. शिस्त म्हणून. तिची आई शाळेत आली आणि म्हणाली, "सर, तिला व्हरांड्यात हुबारलं तर चालंल का?" एवढी अदबीनं विचारलेली विनंती मी 'बघू' म्हणून टोलवली. हा दोष आई-बाप दोघांकडून यावा लागतो. मामाची मुलगी करण्याची रीत असलेल्या भागात तो येण्याची शक्यता वाढते, आणि आपला भाग त्यातलाच. अशा मुलांसाठी सनस्क्रीन ही नटण्यामुरडण्याची वस्तू नसून औषध आहे. ३० एसपीएफचं क्रीम जाडसर लावलं तर उन्हात भाजवणारे सुमारे ९७ टक्के किरण अडतात, आणि दर दोन तासांनी ते परत लावावं लागतं. ते रेशनवर मिळायला हवं असं माझं मत आहे. कुणी विचारत नाही, म्हणून इथं लिहितो.

पोस्टर मी उतरवलं. पुढच्या हंगामात, चुलवाणं पेटल्यावर, तात्यांना मोटरसायकलवर मागं घेऊन गुऱ्हाळावर गेलो. त्यांनी बाकड्यावर बसून पायजमा गुडघ्यापर्यंत वर केला, बास. बोलायची गरजच पडली नाही. पाच मिनिटांत काहिलीभोवतीच्या सहा जणांपैकी चौघांनी आपापले डाग उघडे केले. एकाचा दंड, एकाचं पोट, दोघांची पावलं. गुळव्या म्हणाला, "माझा बारीक हाय, पर खाजतोय." खाजतोय म्हणजे कॅन्सर नव्हे, तात्यांनी परस्परच सांगून टाकलं. फुटला आणि महिना-दीड महिन्यात भरला नाही, काठ वर आले, हात लागला की रक्त आलं, वास सुटला, तर झेंडू नाही बांधायचा, तुकडा तपासायला सांगायचं. तुकडा हा शब्द तात्या फार ठासून म्हणतात. चट्टा रोज धुवायचा, तेल लावून मऊ ठेवायचा, चपलेचा पट्टा त्यावर घासू द्यायचा नाही. निघताना गुळव्यानं काकवीची बाटली दिली.

फुटबॉलवाल्या पोरांना गाठायला मात्र तात्या उपयोगाचे नव्हते. तिथं मी जमैकाच्या बॉब मार्ले या गायकाला नेला. कोल्हापुरात पेठापेठांत फुटबॉल आहे, शाहू स्टेडियमवर मॅच असली की अर्धं गाव तिकडं, आणि खेळणाऱ्या प्रत्येक पोराच्या पायाचं एखादं नख काळं-निळं असतंच. मार्लेही फुटबॉलवेडा. पायाच्या बोटाला झालेली जखम खेळताना लागलं म्हणून अंगावर काढली. १९७७ साली कळलं की नखाखाली मेलॅनोमा आहे, कातडीला रंग देणाऱ्या पेशींचा कॅन्सर. बोट काढायला त्यानं नकार दिला. १९८१ च्या मे महिन्यात तो गेला, छत्तिसाव्या वर्षी. हा प्रकार उन्हानं होत नाही. तळवा, तळहात, नखाखालची जागा, जिथं आपण कधी वाकून बघत नाही तिथं होतो, आणि सावळ्या-काळ्या माणसांत मेलॅनोमा झालाच तर बरेचदा तिथंच.

पोरांनी लगेच बूट काढले. मग अर्थातच गोंधळ, कारण सगळ्यांचीच नखं काळी. म्हणून फरक समजावला: मार लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढं सरकतं. पायाचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, तेवढ्यात डाग टोकाकडं जाऊन कापला जातो, मुळाशी स्वच्छ नख दिसायला लागतं. जो पट्टा मुळापासून टोकापर्यंत तसाच राहतो, महिन्यागणिक रुंद होतो, किंवा नख सोडून शेजारच्या कातडीवर उतरतो, तो दाखवायचा. आपल्याकडं चार-पाच नखांवर फिकट उभ्या रेषा असणाऱ्यांची कमी नाही, त्यात घाबरण्यासारखं काही नसतं. मोबाइलवर नखाचा फोटो काढून महिन्यानं शेजारी ठेवून बघा म्हटलं, तर एक गोलकीपर म्हणाला, "सर, पायाचा सेल्फी?" आता त्यांच्या ग्रुपवर ते नावच पडलंय.

राहिली कंबर. ती सगळ्यात अवघड, कारण ती पदराखाली आहे.

वसंत रामजी खानोलकर हे टाटा मेमोरियलचे पॅथॉलॉजिस्ट. त्यांनी आणि सूर्याबाईंनी १९४५ साली एका शोधनिबंधात 'धोतराचा कॅन्सर' नोंदवला. धोतर कंबरेला रोज त्याच जागी करकचून बांधलं, घाम, धूळ, घर्षण, की तिथली कातडी आधी काळी आणि जाड होते, पापुद्रे सुटतात, आणि क्वचित पुढं कॅन्सर होतो. धोतर गेलं, साडी राहिली. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात दोन म्हाताऱ्या बायकांची हकिगत छापली. एकीच्या कुशीवर परकराच्या नाडीच्या जागी दीड वर्ष न भरलेली जखम. दुसरी लुगडं नेसणारी, परकर नाहीच, लुगड्याचीच गाठ. तिचा रोग जांघेतल्या लसिकागाठीपर्यंत पोचला होता. हे वाचताना मला वर्धा दिसत नव्हतं, आत्ती दिसत होती. ती सत्तरी ओलांडलेली, जन्मभर नऊवारी, आणि अलीकडं सुनेच्या आग्रहानं परकरावर पाचवारी.

वैनीच्या हळदीकुंकवाला गावात आरोग्याचं काम बघणाऱ्या आशाताईंना बोलावलं. मी सोप्यात, दाराच्या अलीकडं बसून नुसता आवाज ऐकत होतो. आधी तिळगूळ, मग वाणाचे डबे, मग आशाताई हळूच नाडीवर आल्या. आत क्षणभर शांतता. मग एक आवाज, "ह्यो काळा पट्टा? आवो, ह्यो तर समद्यास्नीच हाय." हशा. आशाताई म्हणाल्या, काळा पट्टा असणं वेगळं. खरखरीत झालाय का, खपली धरतोय का, जखम झाली तर भरतेय का, ते बघायचं. नाडीऐवजी रुंद पट्टी, गाठ रोज एकाच जागी नको, घरात असताना गाऊन. आतून भिंतीकडं तोंड करून पदर सरकवण्याची सळसळ झाली. एकमेकींना दाखवत होत्या, हे नंतर वैनीनं सांगितलं. दोघींना कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी दवाखान्यात पाठवलं. एकीचं नुसतं नायटं निघालं, दुसरीचा तुकडा काढला आणि तो साधाच ठरला. तुकडा काढूनही काही पेटलं नाही, ही बातमी माझ्या कुठल्याही भाषणापेक्षा गावात लांबवर गेली.

आत्ती त्या दिवशी काही बोलली नाही. पंधरा दिवसांनी अंबाबाईच्या दर्शनाला आली, आणि बाहेर पडल्यावर मला म्हणाली, "महाद्वार रोडला चल." एका दुकानासमोर उभी राहिली. काउंटरवरच्या पोरानं परकरांचा ढीग टाकला. ती एकेकाची नाडी दोन बोटांत धरून ओढून बघत होती आणि बाजूला टाकत होती. शेवटी तळहाताएवढ्या रुंद पट्टीचा एक निघाला.

"ह्योच घे आत्ती," मी म्हटलं. "आणि सैल बांध."

"सैल बांधू?" ती रस्त्याकडं तोंड करून, चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आणि भर बाजारात निऱ्या सुटल्या तर धराय तू येणारैस काय मास्तर?"

दुकानातलं पोरगं खाली बघून हसत होतं. आत्तीनं तसले दोन घेतले, एक सुनेसाठी, आणि पैसे मला द्यायला लावले.